दाण्याचा तळ

मक्याचा दाणा कणसावरून सोलून उलटा धरला, तर निमुळत्या टोकाला देठाचा एक करडा, सुकलेला तुकडा चिकटलेला दिसतो. कोंबडीखाद्य बनवणाऱ्याला, स्टार्चच्या कारखान्याला, पावसाळ्यात गाडीवर कणसं भाजणाऱ्याला हवा असतो तो त्याच्या वरचा सगळा भाग. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं मात्र त्या देठाला टेकलेल्या पेशींच्या एका पातळ थरावर गेली आहेत. जाडी जेमतेम दोन-तीन पेशींची. दाण्यात पुढे जे काही साठतं, स्टार्च असो, प्रथिनं असोत की अंकुरातलं तेल, त्याचा कच्चा माल या थरातून आत जातो. शोधनिबंधांत त्याला बीईटीएल म्हणतात आणि त्यातल्या पेशींना ट्रान्सफर पेशी. आमच्या प्रयोगशाळेत सगळे नुसतं ‘तळ’ म्हणतात. ‘तळ मिळाला का?’ हा सेक्शन कापणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न.

झाडाची शीर दाण्याच्या आत शिरत नाही, हे मला विद्यार्थ्यांना दरवर्षी दोनदा सांगावं लागतं. पानात तयार झालेली साखर फ्लोएममधून, म्हणजे रसवाहिनीतून, कणसाच्या दांड्यात येते आणि तिथून एकेका दाण्याच्या देठात. देठातच ती वाहिनी संपते. पुढे थोडं अंतर साखर पेशींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्यांतून सरकते, मग त्या नळ्याही संपतात. देठ आईचा आहे आणि आतला भ्रूणपोष, म्हणजे दाण्यातला अन्न साठवणारा भाग, ही पुढची पिढी. या दोन पिढ्यांच्या पेशींमध्ये एकही नळी नाही. डांबरी रस्ता नदीकाठी संपावा, पोती वाळूवर उतरावीत आणि पलीकडच्या गावच्या नावाड्यांनी येऊन ती उचलून न्यावीत, तशी ही व्यवस्था. आई साखर पेशींच्या बाहेर, भिंतींमधल्या ओलसर जागेत सोडून देते. ती उचलायचं काम दाण्याचं.

हे उचलणं कधी आणि कसं सुरू होतं ते पाहायचं, तर दाण्याचं नेमकं वय माहीत असावं लागतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही, शेतात उतरून ठरवावं लागतं. आमचा मका रब्बीचा, नोव्हेंबरात पेरलेला. जानेवारी सरता सरता तुरे निघतात. कणसाचे केस बाहेर पडायच्या आधीच त्याच्यावर बटर पेपरची पिशवी चढवायची, म्हणजे वाऱ्यावरचे परके पराग बसत नाहीत. तुऱ्यावर आदल्या संध्याकाळी खाकी पिशवी. सकाळी दव सुकलं की तुरा वाकवून पिशवीत झटकायचा, म्हणजे पिवळी भुकटी खाली जमते. थंडीत हे नऊ-साडेनऊच्या आधी होत नाही आणि उन्हं तापली की पराग निकामी होऊ लागतात. मधल्या दोन-अडीच तासांत रांगांमधून पळत केसांवर भुकटी टाकायची, पिशवी बंद करायची, तारीख लिहायची. मक्याचं पान कडेला धारदार असतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनही मनगटावर बारीक रेघा उमटतात आणि त्यांवर पराग बसला की दिवसभर हुळहुळतं. तरी वर्षातला हा पंधरवडा मला सगळ्यात आवडतो. या दिवसांत लिहिलेली तारीख पुढच्या सगळ्या कामाचा पाया असते, म्हणून ती मी स्वतः लिहिते.

प्रत्येक केस एका दाण्याचा. कणसाच्या बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर पडतात, टोकाकडच्यांचे सगळ्यांत शेवटी. पराग केसावर रुजतो, त्याची नळी केसातून खाली उतरते आणि साधारण एका दिवसात फलन होतं. दोन-तीन दिवसांनी कणीस अलगद सोलून उलटं हलवलं, तर फळलेल्या दाण्यांचे केस गळून पडतात, न फळलेल्यांचे चिकटून राहतात. ही परीक्षा मला शेतावर काम करणाऱ्या एका वयस्कर मावशींनी शिकवली. पुस्तकात ती मी नंतर वाचली.

फलनही दुहेरी असतं. एक नर केंद्रक अंडपेशीला मिळतं आणि अंकुर तयार होतो. दुसरं मधल्या दोन केंद्रकांना मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष. सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत हे पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे भ्रूणपोषात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. तळाच्या गोष्टीत हा हिशोब पुन्हा येतो.

फेब्रुवारीत दाणे गोळा करतो. ठरलेल्या वयाचं कणीस सोललं की दाणे लगेच फॉर्मॅलिन, ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकायचे. चार-सहा दिवसांचा दाणा म्हणजे पातळ सालीतलं पाणीच. दोन्ही बाजूंनी ब्लेडने एकेक चकती उडवावी लागते, नाहीतर द्रव आत पोचत नाही. चकती उडवताना दाब पडला की आतला भाग आक्रसतो आणि तळ देठापासून सुटतो. मग मधली फट दाण्याची स्वतःची की ब्लेडने पाडलेली, हे कुणालाच सांगता येत नाही. अशा फटीवर मक्याच्या विज्ञानातला एक मोठा प्रश्न उभा होता, त्यामुळे हे काम मी घाईच्या दिवशी कुणालाही करू देत नाही.

पुढे अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, मग मेण, मग मायक्रोटोम. आमचा मायक्रोटोम जे चालवतात त्यांना सगळी प्रयोगशाळा मामा म्हणते. दाणा मेणाच्या ठोकळ्यात कसा बसला आहे यावर सगळं अवलंबून असतं. अंकुर, देठ आणि केसाची जुनी खूण या तिन्हींमधून जाणारा मधला काप हवा. जरा तिरका गेला की तळाचा थर आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि सगळी मोजमापं चुकतात. मामा ठोकळा खिडकीकडे धरतात, आतल्या दाण्याची सावली पाहतात, एक कोपरा किंचित तासतात, पुन्हा पाहतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये मेण मऊ पडून रिबन चुरमडते, म्हणून ते सकाळी सहाला येतात आणि ठोकळ्यावर बर्फाचा खडा फिरवत कापतात. “मॅडम, उन्हं चढायच्या आत तळ काढून ठेवतो,” एवढंच म्हणतात. आठ-दहा मायक्रॉन जाडीचे काप एकमेकांना चिकटून बाहेर येतात आणि त्यातल्या नेमक्या दोन-तीन कापांत पूर्ण तळ असतो. हे कसब शोधनिबंधाच्या शेवटी आभारांच्या ओळीत संपवणं मला पटत नाही. आमच्या निबंधांत मामांचं नाव लेखकांत असतं.

आता काचेवर काय दिसतं ते. पहिले तीन दिवस भ्रूणपोषाला पेशी म्हणाव्या अशा नसतातच. केंद्रकं दुप्पट, चौपट होत जातात, मध्ये भिंत मात्र पडत नाही. सगळी एकाच मोठ्या पोकळीच्या कडेने पसरलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंती पडू लागतात आणि त्याच सुमाराला कुणी काय व्हायचं तेही ठरू लागतं. बाहेरचा थर अल्युरोन होणार, मधल्या पेशी स्टार्च साठवणार, अंकुराभोवतीच्या वेगळ्या आणि देठाला टेकलेल्या तळाच्या होणार. पाचव्या-सहाव्या दिवशी तळाच्या पेशी शेजारणींपेक्षा लांबट आणि दाट दिसायला लागतात. आठवा दिवस उलटला की त्यांच्या भिंती आतल्या बाजूला वाढू लागतात. टोल्युडिन ब्लूने रंगवलेल्या बारा दिवसांच्या कापात या वाढी जांभळट गुलाबी दिसतात. पेशीच्या लांबीच्या दिशेने धावणाऱ्या कडा आणि अगदी बाहेरच्या ओळीत, देठाला लागून, एकमेकांत गुंतलेली घट्ट जाळी. जसजसं आत जावं तसतशा वाढी विरळ होत जातात आणि दोन-तीन पेशींनंतर संपतात.

भिंत आत वाढली की तिच्यावर ताणलेलं पेशीपटलही तिच्यासोबत वळत जातं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर केलेल्या मोजमापांनुसार बाहेरच्या ओळीतल्या पेशींत या पटलाचं क्षेत्रफळ वीसेक पटींपर्यंत वाढतं. साखर, अमिनो आम्लं, क्षार उचलून घेणारी प्रथिनं याच पटलात बसलेली असतात. पटल वाढलं म्हणजे त्यांना बसायला जागा वाढली. पेशीचं आकारमान न वाढवता तिची उचलायची ताकद वाढवण्याचा हा उपाय मला जितका पाहावा तितका विलक्षण वाटतो. या पेशींत माइटोकॉन्ड्रियाही खच्चून भरलेले असतात, कारण उचलण्याला ऊर्जा लागते. माइटोकॉन्ड्रियाचं काम बिघडवणारं ईएमपी-४ नावाचं एक उत्परिवर्तन आहे. त्यात तळ नीट घडत नाही आणि दाण्याची साल जवळपास रिकामी राहते.

अशा पेशी फक्त मक्यात नसतात. बेलफास्टमधल्या ब्रायन गनिंग आणि जॉन पेट यांनी त्या आधी पानांच्या बारीक शिरांत पाहिल्या आणि १९६९ मध्ये वनस्पतींत ठिकठिकाणी आढळणाऱ्या या सगळ्यांना मिळून ट्रान्सफर पेशी हे नाव दिलं. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत त्या असतात, मॉससारख्या शेवाळात आई आणि पिल्लाच्या जोडावर असतात. जिथे नळी नाही आणि माल मात्र भरपूर न्यायचा आहे, तिथे त्या सापडतात. मक्याचा तळ त्याआधीच नेब्रास्कात टी. ए. किसलबाख आणि ई. आर. वॉकर यांनी १९५२ च्या निबंधात बारकाईने रेखाटला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी नसताना काढलेली ती चित्रं मी अजून विद्यार्थ्यांना दाखवते. आपल्या कापात काय शोधायचं हे त्यांतून जितकं पटकन कळतं, तितकं माझ्या बोलण्यातून कळत नाही.

या कामात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका खुज्या दाण्याने. मिनिएचर-१ नावाचं मक्याचं उत्परिवर्तन लोव आणि ऑलिव्हर नेल्सन यांनी १९४६ मध्ये वर्णन केलं. अशा दाण्याचं वजन नेहमीच्या दाण्याच्या पाव-पंचमांशावर येतं. त्याचं बियाणं अमेरिकेत अर्बाना इथल्या मक्याच्या जनुकीय बियाणे केंद्राकडे जतन केलेलं आहे. आम्ही ते मागवलं आणि दिल्लीच्या एनबीपीजीआर या वनस्पती जनुकसंपदा संस्थेच्या क्वारंटाइनमधून ते आमच्यापर्यंत आलं. ज्या झाडात या जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत आहे, त्याचा पराग त्याच्याच कणसाला दिला की चारातला एक दाणा खुजा निघतो. कणीस सोललं तेव्हा मी कितीतरी वेळ ते हातात धरून बसले होते. एकच आई, एकच पान, तोच रस, तेच पाणी. दोन टपोऱ्या दाण्यांच्या मध्ये एक सुरकुतलेला. देणाऱ्याने काही कमी केलेलं नव्हतं.

काय कमी पडलं होतं, ते फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला प्रेम चौरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. आई जी साखर बाहेर सोडते ती सुक्रोज. तळाच्या पेशींच्या भिंतीत इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, ते तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. सुक्रोज अशी सतत मोडली जाते म्हणून उतरण्याच्या जागी तिचं प्रमाण कमी राहतं आणि मागून नवी येत राहते. मिनिएचर-१ हे जनुक याच विकराचं आहे, हे त्यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं. १९९२ च्या निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. खुज्या दाण्यात आईच्या देठाच्या पेशी अकालीच आक्रसतात आणि देठ आणि भ्रूणपोष यांच्यात फट पडते. मी मघाशी ब्लेडचा दाब इतका जपायला सांगितला तो या फटीसाठी. आमच्या काचांवर फट दिसली ती फक्त खुज्या दाण्यांत, त्याच कणसावरच्या शेजारच्या दाण्यांत नाही. तेव्हा मामा आणि मी दोघंही काही न बोलता एकमेकांकडे पाहून हसलो.

पिल्लाच्या पेशीतलं एक विकर बिघडलं आणि आईचा देठ मागे हटला, हे वाचून समजणं निराळं आणि आपण कापलेल्या दाण्यात पाहणं निराळं. देठाने दिलं म्हणून दाणा घेतो असं आपण सहज म्हणतो. इथे दाण्याने घेतलं नाही तर देठ टिकतही नाही. पुढे २००९ मध्ये त्याच गटाने दाखवलं की या खुज्या दाण्यांत तळाच्या भिंतींच्या वाढीही कमी असतात. म्हणजे साखर फुटली नाही तर उचलणारी यंत्रणाही पूर्ण बांधली जात नाही. यातला दिलासा देणारा भाग असा की विकर बरंच कमी झालं तरी दाणा लगेच खुजा होत नाही. त्याची क्रियाशीलता नेहमीच्या सुमारे ६ टक्क्यांच्या खाली गेली, तेव्हाच वजन कोसळलं.

तळाच्या पेशीला तळाची पेशी कोण बनवतं, हा प्रश्न जर्मनी आणि स्पेनमध्ये सुटत गेला. कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत १९९५ मध्ये फक्त याच थरात चालू असलेलं एक जनुक सापडलं. त्या निबंधाचे पहिले लेखक ग्रेगोरिओ ह्युएरोस पुढे अल्कलाला गेले आणि २००२ मध्ये त्यांच्या गटाने या जनुकाला चालू करणारं एमआरपी-१ हे प्रथिन वर्णन केलं. २०१५ मध्ये स्वीट-४सी हा ग्लुकोजसारख्या साध्या शर्करा आत नेणारा वाहक समोर आला. तो नसेल तर दाणा भरत नाही आणि तळही धड घडत नाही. या वाहकाच्या जनुकावर मका माणसाळवताना निवड झाल्याच्या खुणा आहेत. मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या गवतापासून मका घडला. त्या गवताच्या कणसाला पाच ते बारा कडक दाणे असतात. मोठा दाणा निवडून पेरणाऱ्या त्या बायका-माणसांनी न पाहता हा तळही निवडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आई-बापाच्या वाट्यांचा हिशोबही इथेच उमटतो. ऑक्सफर्डच्या गटाने १९९५ मध्ये साध्या मक्याच्या केसांवर गुणसूत्रं दुप्पट असलेल्या मक्याचा पराग टाकला. भ्रूणपोषात बापाचा वाटा प्रमाणाबाहेर झाला आणि तळाचा थर जवळपास घडलाच नाही. मेग-१ नावाचं जनुक सुरुवातीच्या दिवसांत फक्त आईकडून आलेल्या प्रतीतून चालतं, आणि त्याचा संबंध याच थराच्या घडणीशी आहे. आई आपल्या सगळ्या दाण्यांना सारखं वाटू पाहते आणि बापाचा डाव आपल्या दाण्याला जास्त मिळावं असा, अशी एक मांडणी आहे. ती हुशारीची आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली वर्षं काढल्यावर मला दिसतं ते एवढंच की दोघांचं प्रमाण जुळल्याशिवाय हा थर उभा राहत नाही.

एक गोष्ट राहिली. जिथून अन्न आत जातं तिथूनच बुरशीही जाऊ शकते. म्हणून या पेशी बुरशीला मारक अशी छोटी प्रथिनंही देठाच्या बाजूला सोडतात.

आता तो शेतीचा प्रश्न, ज्याच्यामुळे मी मक्याकडे वळले. येवल्याकडचे एक शेतकरी खरिपाची कणसं पोत्यात घालून आमच्याकडे आले होते. “ताई, बिट्टी हातभर, पण वरचं बोटभर कोरं. बियाणं खोटं निघालं का?” असा त्यांचा सवाल. कोरं टोक भिंगाखाली धरलं की दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. जिथे फलनच झालं नाही तिथे चपटे, तसेच राहिलेले ठिपके असतात. जिथे फलन होऊन दाणा जिरला तिथे पांढरट, सुकलेले छोटे फुगवटे असतात. त्यांच्या कणसांवर फुगवटे होते. म्हणजे पराग पोचला होता, दाणा धरलाही होता, आणि मग मेला होता. ऑगस्टात त्यांच्याकडे पावसाचा मोठा खंड पडला होता, तोही नेमका केस निघायच्या सुमाराला.

ताण पडला की पानं साखर कमी बनवतात, ही अर्धी गोष्ट. १९९० च्या दशकात अमेरिकेत जॉन बॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणाखाली असलेल्या मक्याच्या खोडात सुक्रोजचं द्रावण सोडलं. पाणी तितकंच कमी, तरी बरेच दाणे वाचले. म्हणजे पाण्याच्या टंचाईत हे कोवळे दाणे मुख्यतः साखरेअभावी मरत होते. ताणाखाली कोवळ्या दाण्यातलं इन्व्हर्टेजही घटतं, हेही त्या काळात दिसलं. टोकाचे दाणे सगळ्यांत शेवटी फळतात. त्यांचा तळ उभा राहण्याआधी बुडाकडच्या दाण्यांचा तळ कामाला लागलेला असतो. साखर थोडी असली की ती ज्याची उचलायची तयारी आहे त्याच्याकडे जाते.

त्या शेतकऱ्यांना मी बियाणं खोटं नव्हतं असं सांगितलं आणि का ते काचेवर दाखवलं. ते दुर्बिणीतून पाहावं तसे वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे दाणा चिकात यायच्या आधीच निकाल लागतो.” अगदी तेच. दाण्यात स्टार्च भरायला दहा-बाराव्या दिवसानंतर जोर चढतो आणि तोवर तळ बांधून झालेला असावा लागतो. शिफारशींत तुरा-केसांच्या वेळचं पाणी चुकवू नका असं लिहिलेलं असतं, बरोबरच आहे. पण कारण सांगितलं तर ते जास्त पाळलं जातं असा माझा अनुभव आहे, आणि आमच्या खात्यांच्या घडीपत्रिकांत कारणाला दोन ओळी मिळाव्यात असं मला कळकळीने वाटतं.

तळाचा शेवटही शेतात पाहता येतो. दाणा पूर्ण भरला की देठाच्या बाजूच्या पेशी चेपल्या जातात, काळ्या पडतात आणि मार्ग बंद होतो. दाण्याचं टोक नखाने खरवडलं की तो काळा थर दिसतो. डेनार्ड आणि डंकन यांनी १९६९ मध्ये दाखवलं की हा थर दिसला म्हणजे दाण्याचं वजन वाढायचं थांबलं. तेव्हा दाण्यात साधारण तीस-पस्तीस टक्के ओलावा असतो. वाळायला वेळ लागेल, वजन मात्र आता वाढणार नाही. पानं मध्येच गेली, गारपिटीने किंवा अळीने, तरी हा थर वेळेआधी पडतो. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आली तेव्हापासून अशी लवकर काळी पडलेली टोकं मी जास्त लक्ष देऊन पाहते.

यंदा आम्ही काही वाफ्यांत केस निघण्याच्या आधी पाणी तोडलं आणि काहींत आठवडाभराने. त्या कणसांचे बुडाचे, मधले आणि टोकाचे दाणे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवले आहेत. जिरलेल्या दाण्यात तळ बांधलाच गेला नव्हता, की बांधून झाल्यावर उपाशी राहिला, हे मला पाहायचं आहे. बांधला गेलाच नसेल तर पाण्याची पाळी केस निघायच्या आधी हवी. बांधून उपाशी राहिला असेल तर नंतरच्या आठवड्यात. विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी उरलं असेल, तर ती कधी द्यायची हे त्यावर ठरेल. मामांनी पहिले ठोकळे बसवले आहेत.